नाव, गाव आणि काय दिलं

(बोरीवलीतील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा वक्त्यांनी तपासलेला मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला ‘मला घडवणारा परिसर’. विषय प्रेमळ आहे, म्हणूनच धोक्याचा आहे. या विषयावर उभा राहिलेला वक्ता पाचव्या मिनिटाला ‘समाजाचं ऋण’ म्हणतो, दहाव्या मिनिटाला ‘न फिटणारं’ म्हणतो आणि शाल-श्रीफळ घेऊन खाली बसतो. ऋण कोणाचं, कधीचं, किती, याचा पत्ता नसतो. माझं सगळं नोकरीचं आयुष्य बँकेत गेलं, त्यातलं बरंचसं ऑडिटमध्ये. ज्या कर्जावर नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही, नुसता ‘न फिटणारं’ असा शेरा आहे, ते आमच्याकडे थेट बुडीत खात्यात जायचं. आपल्या माणसांचंही आपण हेच करतो असं मला वाटतं. त्यांच्याविषयी इतकं मोठं बोलतो की त्यांनी नेमकं काय केलं ते कुठे लिहिलंच जात नाही.

म्हणून मी आज नुसत्या नोंदी वाचणार आहे. काही माझ्या, काही या गावाच्या. व्याख्यानमालेला ज्यांचं नाव आहे ते मागच्या फलकावर तुम्हाला दिसतंच आहे. मी त्यांना ‘सर’च म्हणेन, आयुष्यात दुसरं काही म्हटलं नाही. बाकीच्या माणसांची नावं घेणार नाही. त्यातली काही अजून आपल्यात आहेत आणि मंचावरून नाव पुकारलेलं त्यांना खपणार नाही. पण काय दिलं, ते मात्र पैपैसकट सांगेन.

नोंद कशी लिहावी हे शिकायला लांब जायला नको. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानातच कान्हेरीची लेणी आहेत. आपण तिथे डबे घेऊन जातो, माकडांना शिव्या घालतो, चैत्यगृहाच्या ओसरीतल्या मोठ्या बुद्धमूर्तीपुढे फोटो काढतो. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. शंभराहून जास्त लेण्यांच्या त्या डोंगरात इसवीसनाच्या पहिल्या काही शतकांत कोरलेले कितीतरी दानलेख आहेत आणि त्यांची भाषा कमालीची कोरडी आहे. माणसाचं नाव, त्याचं गाव, त्याचा धंदा आणि त्याने काय दिलं. कल्याणचा एक सोनार, सामिदत्त, याने पाण्याचं टाकं दिलं. झाली नोंद. सामिदत्त थोर होता की कंजूष, ते कुठे नाही. टाकं मात्र आहे.

हे दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे. व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्षू आणि भिक्षुणीही आहेत. कोणी लेणं दिलं, कोणी टाकं, कोणी बसायला दगडी ओटा, कोणी चढणीची वाट. आपल्याकडे वाट देणाऱ्याची आठवण कोण ठेवतो? तिथे ठेवली आहे. पुष्कळ ठिकाणी दाता एकटा नाही. पुण्यात बायको, मुलगे, भाऊ, बहीण यांचा वाटा आहे आणि काही दानं आईवडिलांच्या नावे केलेली आहेत. मला सगळ्यात आवडते ती अक्षयनीवी. मूळ रकमेला हात लावायचा नाही, तिच्या उत्पन्नातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूला चीवर द्यायचं, म्हणजे अंगावरचं वस्त्र. मुदत ठेव आणि तिच्यावरचं व्याज, आणि व्याज कशावर खर्च करायचं तेही दगडात कोरलेलं. बँकवाल्या बाईला याहून काय हवं! एका लेखात उत्पन्नासाठी दिलेल्या शेताचं गावही सांगितलं आहे, मंगलठाण. अभ्यासक ते आपलं मागाठाणे मानतात. जिथे आज बेस्टचा डेपो आणि मेट्रोचं स्टेशन आहे, तिथलं एक शेत कधीकाळी कोणाच्या तरी पावसाळ्यातल्या कपड्यांची सोय करत होतं.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात तर पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे. पारशी मंडळी लेणी पाहायला आली आणि आपली नावं बापाच्या नावासकट कोरून गेली. आज कोणी असं केलं तर पुरातत्त्व खातं दंड ठोठावेल, आणि ठोठावायलाच हवा. पण हजार वर्षांपूर्वी इथे आलेला माणूस ‘मी अमक्याचा मुलगा’ एवढं सांगितल्याशिवाय परत गेला नाही, याचं मला अप्रूप आहे.

आता ऑडिटरची एक हरकत. सामिदत्ताने टाकं दिलं, हे कळलं. ते खोदलं कोणी? छिन्नी कोणाच्या हातात होती? ते लिहिलेलं नाही. ही हरकत बाजूला ठेवा, तिच्याकडे मला परत यायचं आहे.

बोरीवलीचा इतिहास मी झटपट उरकते, कारण इथले जुने लोक तो माझ्याहून चांगला सांगतात. १९२८ साली विजेची गाडी बोरीवलीपर्यंत आली. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसरपर्यंत सरकली आणि आपण कागदोपत्री मुंबईकर झालो. एक्सर, शिंपोली, वझिरा, बाभई, गोराई ही गावं आणि त्यांतले ईस्ट इंडियन, कोळी, आगरी, भंडारी त्याआधीपासूनच इथे होते. मंडपेश्वरच्या शैव लेण्यावर पोर्तुगीजांनी बांधलेल्या मठाचे अवशेषही होते. मग गिरगाव, परळ, लालबागमधून जागेच्या शोधात माणसं येत गेली. आम्ही त्यांतलेच. लालबागची एक खोली सोडून १९७१ साली देवीपाड्याजवळच्या एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत आलो. दोन खोल्या म्हणजे ऐश्वर्य वाटलं होतं. त्याची किंमत वडील रोज पहाटे चुकवत. सात वाजताची पहिली पाळी गाठायला अंधारात घर सोडायचं आणि लोअर परळला उतरायचं.

पहिली नोंद वाण्याची.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, विरत गेला, हे तुम्हाला माहीत आहे. मी तेव्हा अकरावीत होते. पहिला महिना घरात कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात आईने मला वाण्याकडे पाठवलं, कारण स्वतः जायला तिला लाज वाटत होती. वाणी कच्छी. त्याने लांबट लाल वही काढली, वडिलांचं पान उघडलं आणि मला म्हणाला, “वाच.” आकडे गुजराती होते. एकपासून दहापर्यंत त्याने मला तिथेच उभ्या उभ्या शिकवले, आणि जमा कुठे, उधार कुठे ते दाखवलं. मग आपला नियम सांगितला. तांदूळ, गहू, तेल, डाळ, साखर उधारीवर मिळेल. चहापूड आणि साबण रोखीने. “चहा अने साबूमां माणस हाथ छूटो करे,” असं काहीतरी म्हणाला. दर शनिवारी मी येऊन पान वाचायचं आणि खाली सही करायची.

मी त्याला दयाळू म्हणणार नाही. त्याला गिऱ्हाईक टिकवायचं होतं, आणि पुढेमागे गिरणी सुरू होईल असा त्याचा अंदाज होता, तो चुकला. पण त्याने व्याज लावलं नाही आणि वसुलीला माणूस पाठवला नाही. वडिलांनी नंतर एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली तेव्हा हप्त्याहप्त्याने पैसे घेतले. शेवटचा हप्ता दिला त्या शनिवारी त्याने पानावर आडवी रेघ मारली आणि मला पाव किलो चहापूड बांधून दिली. रोखीचे पैसे घेतले. माझं पहिलं ऑडिट त्या दुकानात झालं, आणि ज्या माणसाने आपल्याला उपाशी राहू दिलं नाही तो गल्ल्यावर बसलेला व्यापारी असू शकतो, हेही तिथेच कळलं.

दुसरी नोंद आईची आणि तिच्या पापडांची. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रात पाठ आहे. ती प्रेरणेसाठी सांगितली जाते. आमच्या घरी ती पिठाच्या वजनाने आली. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ आणायचं, दुपारभर लाटायचं, सुकवायचं, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायचं आणि वणाई, म्हणजे लाटायची मजुरी, घ्यायची. पापड जाड झाला की परत. संपाच्या काळात आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांच्या ओसरीवर पापड वाळत होते. नवरे घरी आणि बायका कमावत्या, हा बदल कोणी भाषण करून आणला नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा वाळत घातलेले पापड पालथे केले ते तेव्हा, आणि कोणी पाहील म्हणून दार लोटून घेऊन.

तिसरी नोंद सरांची. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

सर महापालिकेच्या शाळेत शिक्षक. बैठ्या चाळींत संध्याकाळनंतर अभ्यास अशक्य. एकाच दिव्याखाली स्वयंपाक, भांडण आणि रेडिओ. सरांनी परवानगी मिळवून शाळेचा एक वर्ग रात्री आठ ते अकरा उघडा ठेवायला सुरुवात केली. परवानगीसाठी त्यांनी किती चकरा मारल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, नोंद पक्की झाली असती. वर्गात दोन ट्यूबलाइट, त्यांतली एक कायम लुकलुकणारी. बाकं लहान मुलांची, त्यामुळे बारावीतले मुलगे गुडघे छातीशी घेऊन बसत. बोलायचं नाही, झोपायचं नाही, पान लावायला बाहेर जायचं नाही. किल्ली सरांच्या कमरेला. ते स्वतः मागे बसून वह्या तपासत आणि अकराला पाच कमी असताना एकदाच खाकरत.

सुरुवातीला मुली नव्हत्या. सरांनीच घेतल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, रात्री मुली-मुलगे एका वर्गात, उद्या काही झालं तर आहे तेही बंद पडेल. सर पुरोगामी होते असं आज इथे दोघा वक्त्यांनी सांगितलं. तेवढे नव्हते. मुली आल्या त्या आयांमुळे. आमच्या चाळीतल्या आणि शेजारच्या दोन चाळींतल्या बायकांनी ठरवलं की रोज एक आई वर्गात येऊन बसेल. सरांना नाही म्हणायला जागा राहिली नाही. पाळीची यादी कालनिर्णयच्या फाटक्या पानामागे लिहिली होती: सोमवार अमक्या, मंगळवार तमक्या. शेवटच्या बाकावर बसून त्या तांदूळ निवडत, वाती वळत, कोणी स्वेटर विणे. माझी आई बुधवारी. तिला दिवसभराच्या पापडांनी खांदा धरलेला असायचा, ती भिंतीला टेकून डोळे मिटायची, आणि सर मुलांना डुलकीबद्दल रागवत पण तिच्याकडे बघत नसत. मी बारावी झाले, बी.कॉम. झाले, बँकेची परीक्षा दिली, ती त्या यादीवर. सात वारांच्या सात बायका, त्यांतल्या चौघी सही करू शकत नव्हत्या.

आता त्या हरकतीकडे येते, जे नोंदीत येत नाही त्याच्याकडे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, गणितात माझ्या दोन पावलं पुढे. ती एका मुलाबरोबर गोराई खाडीच्या रस्त्यावर दिसली. बोलत होते, बास. दुसऱ्या दिवशी तिची अभ्यासिका बंद, महिन्यात कॉलेज बंद, वर्षात लग्न. ही बातमी तिच्या घरी पोचवणारी बाई आमच्या पाळीच्या यादीतली होती. गुरुवार तिचा. ज्या डोळ्यांच्या भरवशावर मी रात्री अकरापर्यंत वर्गात बसत होते, त्याच डोळ्यांनी तिला टिपलं. त्या बाईंचा माझ्यावर उपकार आहे, तो मी नाकारत नाही. दर गुरुवारचे तीन तास मी जमेत लिहिते. समोरच्या रकान्यात ती मुलगीही लिहिते. दोन्हींची वजाबाकी करून बाकी काढा असं मला कोणी सांगू नये. काही खाती तशीच उघडी राहतात.

दुसरं एक. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नवापाडा, चुनापाडा, रावणपाडा हे आदिवासी पाडे आहेत. पावसाळा सुरू झाला की तिथल्या वारली बायका स्टेशनजवळ टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बसतात आणि शेवळांबरोबर काकडं द्यायला विसरत नाहीत, कारण काकडाशिवाय शेवळं घशाला खाजतात हे त्यांना ग्राहकापेक्षा जास्त ठाऊक. आमची पिढी ही भाजी खाऊन वाढली. पण सरांच्या वर्गात पाड्यावरचं एकही मूल मी पाहिलं नाही, आणि ते का नाही असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. आम्ही गिरणीवाले गरीब होतो, त्यामुळे आपल्याखाली कोणी असेल हे डोक्यातच यायचं नाही. जंगलाच्या कडेची जमीन, तळं, सावली, रानभाजी हे सगळं या गावाला ज्यांनी दिलं, त्यांची नावं आपल्या कुठल्याच फलकावर नाहीत. टाकं कोणी खोदलं, हे कान्हेरीत लिहिलं नाही. आपणही नाही लिहिलं.

मंडळी थोडी गंभीर झालेली दिसतात. क्रिकेटकडे वळू या.

बोरीवलीने घडवलेला आज सगळ्यात ठाऊक असलेला माणूस म्हणजे रोहित शर्मा. नागपूरजवळ बन्सोडला १९८७ साली जन्म. वडील ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामाची देखभाल करणारे, आई विशाखापट्टणमची. डोंबिवलीत आईवडिलांची एक खोली, त्यात भागेना, म्हणून हा मुलगा बोरीवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. आईवडिलांकडे सुट्टीच्या दिवशी जायचा. १९९९ मध्ये काकांनी पैसे भरून त्याला क्रिकेटच्या शिबिराला घातलं. तिथे दिनेश लाड सरांनी त्याला पाहिलं, ते फलंदाज म्हणून नव्हे, ऑफस्पिनर म्हणून. त्याने स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये यावं असं त्यांना वाटलं. आणि गाडी अडली ती २७५ रुपयांवर. महिन्याची फी. काकांना ती झेपणारी नव्हती. लाड सरांनी शाळेच्या संचालकांना गळ घातली आणि फी माफ झाली. पुढची चार वर्षं रोहितने शाळेला एक पैसा दिला नाही. नंतर लाड सरांनीच त्याची फलंदाजी हेरून त्याला आठव्या क्रमांकावरून सलामीला आणलं. पुढचं तुम्हाला पाठ आहे. ईडन गार्डन्सवरचे २६४ इथल्या रिक्षावाल्यालाही चेंडूचेंडू सांगता येतात.

माझा रस त्या २७५ मध्ये आहे. या गोष्टीत प्रतिभा आहे, मेहनत आहे, नशीब आहे. पण ऑडिटर म्हणून मी बोट ठेवते ते त्या एका सहीवर. फी माफ करण्याचा अधिकार एका माणसाच्या हातात होता, त्याच्यापाशी जाऊन शब्द टाकणारा दुसरा माणूस होता, आणि घरात एका जास्तीच्या पुतण्याला जेवायला वाढणारी काकामंडळी होती. यांतलं एकही काम अचाट नाही. तिन्ही एकाच वेळी एकाच मुलाच्या वाट्याला आली, एवढंच.

शार्दूल ठाकूरचंही असंच. तो पालघरचा. लाड सरांच्या संघाविरुद्ध खेळताना त्यांच्या नजरेत भरला. पण पालघरहून रोज बोरीवलीला शाळेत यायचं, सराव करायचा आणि परत जायचं, म्हणजे मुलाचे पाच तास गाडीत. लाड सरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. लाड सर २०२२ च्या द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी झाले, योग्यच झालं. पण त्या घरात आधीच क्रिकेट खेळणारा एक मुलगा होता, सिद्धेश, जो पुढे मुंबईकडून रणजी खेळला. तिथे आणखी एका वाढत्या मुलाचं ताट रोज कोणी मांडलं, त्याचे मळलेले पांढरे कपडे कोणी धुतले, याला पुरस्कार नसतो. लाडबाईंनी हो म्हटलं नसतं तर लाड सरांचं काहीच चाललं नसतं.

मे २०२५ मध्ये वानखेडेवर रोहित शर्मा स्टँडचं उद्घाटन झालं तेव्हा आईवडील शेजारी उभे होते. जुलै २०२४ मध्ये विश्वचषक जिंकून तो विधानभवनात गेला आणि मराठीत बोलला, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला! आई तेलुगू, घर डोंबिवलीचं, मराठी बोरीवलीच्या मैदानावरची. पण मला सारखं वाटतं, १९९९ च्या त्या शिबिरात आलेल्या ज्या मुलाच्या काकांना शब्द टाकायला कोणी भेटलं नाही, तो आज कुठे असेल? मागाठाण्याला दुकान चालवत असेल, कदाचित सुखातही असेल. त्याच्या वाट्याची सही कोणी केली नाही, एवढाच फरक.

तेव्हा आपण ज्याला ‘पूर्वीचा शेजारधर्म’ म्हणून उसासे टाकतो, त्याच्याकडे मी जरा संशयाने बघते. माणसं तेव्हा चांगली होती आणि आता बिघडली, हे मला पटत नाही. शेजारधर्म नळावर ठरतो. पाणी एकाच नळाला येत असेल तर बोलावंच लागतं. याचा पुरावा पश्चिमेला गोराईत आहे. १९८५ च्या सुमाराला जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप, गोराई इथे वस्त्या आखल्या गेल्या. आजही लोक त्यांना ‘वर्ल्ड बँक’ म्हणतात. तयार घर नाही. छोटा भूखंड, त्यावर ओटा, संडास, पाण्याची जोडणी, बाकी घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. आणि आखणी अशी की साधारण ३५ घरांची एक सहकारी संस्था, मधे सामाईक चौक. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं चिठ्ठीने शेजारी झाली. दहा वर्षांत त्या चौकांत लग्नं लागली, गणपती बसले, भिशी सुरू झाल्या, एकमेकांच्या टेलिफोनचे नंबर ‘पीपी’ म्हणून व्हिजिटिंग कार्डावर छापले गेले. फोन आला की चौकापलीकडून हाक, आणि पलीकडच्या घरातली सून पदर खोचून धावत येणार. ही माया आभाळातून पडली नाही. कोणा नगररचनाकाराने कागदावर मधे एक रिकामा चौकोन काढला, तिथून ती आली. त्या माणसाचंही नाव गोराईत कोणाला माहीत नाही.

आता जिथे-तिथे पुनर्विकास चालू आहे. आमची चाळ पडून चार मजली इमारत झाली होती, आता ती पडून बावीस मजली होणार आहे. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या आईने जन्मभर गळक्या छपराखाली पातेली लावली. ज्यांना गळकं छप्पर गोड वाटतं त्यांनी एक पावसाळा तिथे काढावा. पण बिल्डरच्या आराखड्यात ‘फिटनेस सेंटर’ आहे, ‘बँक्वेट’ आहे, गाड्यांसाठी तीन मजले आहेत. मी आमच्या समितीला लेखी दिलंय की तळमजल्यावर एक खोली अभ्यासिकेसाठी ठेवा आणि ती सोसायटीबाहेरच्या मुलांनाही उघडी असू द्या, पाड्यावरच्या मुलांनाही. समितीत दोन तट पडलेत. विरोध करणारे वाईट नाहीत, त्यांचे प्रश्न खरे आहेत. बाहेरची मुलं आत आली तर सुरक्षेची जबाबदारी कोणाची? आता प्रत्येकाच्या घरी टेबल आहे, मग येणार कोण? किल्ली कोणाकडे? रात्री अकरापर्यंतची वीज कोण भरणार? मुलींबरोबर कोण बसणार?

तिसऱ्या प्रश्नाला मी उत्तर दिलंय, किल्ली मी ठेवते. शेवटच्यासाठी दोन निवृत्त शिक्षिका आणि एक गृहस्थ तयार झालेत. गृहस्थांनी मंगळवार घेतलाय. पाड्यावर जाऊन विचारायचं काम आमच्याच इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलीने अंगावर घेतलंय, कारण तिची तिथे ओळख आहे आणि माझी नाही. विजेच्या बिलाचं अजून ठरलेलं नाही. अक्षयनीवीसारखी एक ठेव बाजूला काढावी असं माझं म्हणणं आहे, रकमेचा अंदाज काढलेला कागद मी बरोबर आणलाय. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी तो ठेवते. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी रकमेपुढे नाव आणि इमारत लिहावी, अक्षर सुवाच्य असावं.